शब्दमूळ वही: 'आइस'चं पान

'फ्रॉस्ट' आटोपला, आता 'आइस'. मुळाचा भाग लवकर मिटला. जुन्या इंग्रजीत तो 'ईस' होता. जर्मन 'आइस' आणि जुना नॉर्स (स्कँडिनेव्हियाची जुनी भाषा) 'ईस' ही त्याची सख्खी भावंडं. रून या जुन्या जर्मानिक लिपीतल्या 'इ'चं नावही बर्फच, आणि अक्षर म्हणजे नुसती उभी रेघ. जर्मानिक, म्हणजे इंग्रजी-जर्मन-नॉर्स या घराबाहेर नाती सैल पडतात. अवेस्ता या पारशी धर्मग्रंथाच्या जुन्या इराणी भाषेतल्या हिमवाचक शब्दांशी त्याला जोडतात, पण अभ्यासक 'शक्य आहे'च्या पुढे जात नाहीत. म्हणून मीही ते पेन्सिलीनेच लिहिलंय.

स्पेलिंगमधला 'सी' उशिराचा. 'एस'चा उच्चार 'झ' होऊ नये म्हणून तो आला. 'माइस', 'ट्वाइस' यांचंही तसंच.

खरी मजा 'आइसिकल'मध्ये आहे, म्हणजे वळचणीला लोंबणाऱ्या बर्फाच्या सुळ्यात. त्यातल्या 'इकल'चा एकट्याचा अर्थही तोच सुळा! पुढे 'आइस' जोडलं, म्हणजे आपलं पिवळं पीतांबर. याच 'इकल'चा नॉर्स भाऊ 'योकुल'. आइसलँडमध्ये त्याचा अर्थ हिमनदी. 2010 मध्ये राखेने युरोपातली विमानं जमिनीवर बसवणारा ज्वालामुखी आठवतोय? 'एयाफ्यातलायोकुत्ल'. त्याच्या शेवटी हाच योकुल बसलाय.

नावाची सुरुवातही सोडू नका. 'एय' म्हणजे बेट. इंग्रजी 'आयलंड'चा पहिला तुकडा याच्याच नात्यातला, बर्फाशी संबंध शून्य. त्यातला न उच्चारला जाणारा 'एस' लॅटिन कुळातल्या 'आइल'वरून उगाच घुसवलेला. 'आइसलँड' मात्र खरोखरच बर्फभूमी. ही जोडी मी लाल शाईने वेगळी केली, कारण शाळकरी शब्दकोड्यांत ती हमखास एकत्र येते.

वापराचा रकाना थोडक्यात: 'आइसबर्ग' डचांकडून आला, 'बर्ग' म्हणजे डोंगर. केकवरच्या साखरेच्या थराला 'आइसिंग'. अमेरिकी बोलीत 'आइस' म्हणजे हिरे, आणि क्रियापद केलं तर खून करणं. मला यातलं आइसिंगच प्रिय.

आपला 'बर्फ' फारसीतून आलाय, पण तिकडे 'बर्फ' म्हणजे आकाशातून पडणारं हिम. गोठलेल्या पाण्याला 'यख'. इराणात फ्रिजला आजही 'यखचाल' म्हणतात. पूर्वी हेच नाव वाळवंटातल्या घुमटाकार बर्फघरांचं होतं. 'यख'ला स्वतंत्र पान द्यावं लागणार. पुढची नोंद त्याचीच.