‘ठ’वरून मुलीचे नाव

गेल्या महिन्यात माझ्या धाकट्या भावाला मुलगी झाली आणि आत्या या नात्याने नाव ठेवण्याचा मान माझ्याकडे आला. मान म्हणायचा एवढेच. एरवी आत्येने पाळण्यात वाकून आधीच ठरलेले नाव बाळाच्या कानात सांगायचे, कुर्र करायचे आणि पाठीवर बायकांचे धपाटे खायचे, यापलीकडे तिला फारसे कोणी विचारत नाही. या वेळी मात्र नाव ठरतच नव्हते. भाऊ आणि वहिनी पुण्याला, आईवडील अमळनेर तालुक्यात बोरीकाठच्या आमच्या गावी, मी जळगावला, आणि घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चाळीसेक नावांची यादी, अशी परिस्थिती होती.

यादी वाचताना पहिली गोष्ट लक्षात आली ती ही, की त्यात एकाही नावात ‘ळ’ नव्हता. रोमन लिपीत ‘ळ’ लिहिता येत नाही म्हणून तो गेला असावा. आमच्याकडे तर तो पूर्वीच गेलेला आहे, कारण अहिराणीत डोळ्याचा डोया होतो, केळीची केयी होते आणि जळगावाचे जयगाव. अन्वी, मायरा, अनाया, कियारा, शनाया अशी ती नावे होती. मुलगा झाला असता तर उपयोगी पडावी म्हणून आरव, विहान, रेयांश अशी दुसरी यादी वहिनीने डोहाळजेवणापासूनच तयार ठेवली होती.

नावांपेक्षा मला कुतूहल वाटले ते त्यांच्यापुढे लिहिलेल्या अर्थांचे. ‘आरव’पुढे ‘शांत’ असे लिहिले होते. संस्कृतात ‘रव’ म्हणजे आवाज. त्यावरूनच आपण पाखरांचा कलरव म्हणतो आणि जिथे आवाज नाही ती रात्र नीरव ठरते. ‘आरव’ म्हणजे तर मोठा आवाज, गर्जना, आक्रोश. ज्यांच्या घरी दोन वर्षांचा आरव आहे त्यांना हे सांगण्यासाठी कोश उघडण्याची गरज नाही. ‘अनाया’ हे नाव यादीत संस्कृत म्हणून दिले होते, पण संस्कृतातला आणि मराठीतलाही ‘अनय’ म्हणजे अन्याय, दुर्वर्तन. अरबीतल्या ‘इनाया’चा अर्थ मात्र काळजी, आस्था असा सुरेख आहे, तेव्हा नाव आवडले असेल तर त्याचे खरे गाव सांगायला लाजू नये. ‘विहान’ हे हिंदीच्या पूर्वेकडील बोलींतील ‘बिहान’चे, म्हणजे पहाटेचे, रूप आहे. ‘मायरा’ ऐकून आमच्या मारवाडी शेजारीणबाई इतक्या हसल्या की त्यांच्या हातातला चहा सांडला, कारण त्यांच्याकडे भाच्याभाचीच्या लग्नात मामा जो आहेर घेऊन येतो त्याला मायरा म्हणतात. ‘शिवांश’, ‘देवांश’ यांतला अर्थ सरळ आहे. ‘रेयांश’मध्ये अंश आहे हे दिसते, पण तो कशाचा हे मात्र कळत नाही. एका ठिकाणी ‘सूर्यकिरणाचा अंश’ असे स्पष्टीकरण सापडले, म्हणजे इंग्रजी किरणाला संस्कृत शेपूट जोडलेले. माझ्या वडिलांनी ते नाव ‘रेयांस’ असे उच्चारले आणि तो विषय तिथेच मिटला.

नावाचा अर्थ चांगलाच असावा असा आग्रह मात्र मी धरणार नाही, कारण मी सुपडूची नात आहे. माझ्या आजोबांच्या आधीची दोन भावंडे दगावली होती, म्हणून ते जन्मल्याबरोबर पणजीने त्यांना सुपात घातले, सूप शेजारणीला दिले आणि मग पायलीभर दादर ज्वारी मोजून मूल तिच्याकडून विकत घेतले. मूल आपले नव्हेच, विकतचे आहे, तेव्हा त्याच्यावर यमाची नजर कशाला पडेल, असा त्यामागचा हिशेब होता. खान्देशातल्या जुन्या मतदारयाद्या चाळल्या तर अशी किती तरी नावे भेटतात: नाक टोचून नथ घातलेला नथ्थू, चिंध्यांत गुंडाळलेला चिंधू, उकिरड्यावर ठेवून उचललेला उखर्डू, मागून मिळालेला भिका, पिराला नवस बोलून झालेला फकिरा. सातपुड्यातल्या भिल्ल आणि पावरा वस्त्यांत जन्मवारावरून सोमा, मंगल्या, बुध्या अशी नावे पडत. या नावांचा कोशातला अर्थ कोणी विचारत नसे. ते का पडले हे विचारले जाई, आणि त्याचे उत्तर घरातल्या कोणत्याही म्हातारीला देता येई. 1942 साली नंदुरबारला पोलिसांच्या गोळीबारात शिरीषकुमार हा शाळकरी मुलगा हुतात्मा झाला, त्यानंतर काही वर्षांनी जन्मलेल्या माझ्या एका चुलत काकांचे नाव शिरीष ठेवले गेले. ते नाव फुलाचे आहे हे त्यांना स्वतःला कॉलेजात गेल्यावर कळले.

या जुन्या पद्धतीचे कौतुक करताना एका गोष्टीपाशी मी अडखळते. दगडू आणि उखर्डू ही नावे मूल जगावे म्हणून ठेवलेली होती. ‘नकुशा’ हे नाव मुलगी नको म्हणून ठेवले जात होते. 2011 साली सातारा जिल्ह्यात अशा अडीचशेहून अधिक मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. शाळेच्या हजेरीत रोज सकाळी ते नाव ऐकून ‘हजर’ म्हणणाऱ्या मुलीपुढे मला मायरा आणि कियारा हजारदा पसंत आहेत, अर्थ लागो वा न लागो.

पुढे वडिलांनी आमच्या गुरुजींकडून पत्रिका करून आणली. अवकहडा चक्रात सत्तावीस नक्षत्रांची प्रत्येकी चार चरणे धरून 108 अक्षरे दिलेली असतात आणि ज्या चरणावर जन्म त्या अक्षरावरून नाव, असा नियम असतो. ऐकायला तो सोपा वाटतो, परंतु आर्द्रा नक्षत्राला कू, घ, ङ, छ ही अक्षरे आहेत आणि उत्तराभाद्रपदेला दू, थ, झ, ञ. ‘ङ’ आणि ‘ञ’वरून नाव शोधणाऱ्या आईबापांची मला मनापासून दया येते. आमच्या मुलीचे नक्षत्र हस्त, म्हणजे पू, ष, ण, ठ, आणि चरण चौथे. ‘ठ’ म्हटल्याबरोबर माझ्या वडिलांच्या नव्वदीला टेकलेल्या आत्या, ज्यांना आम्ही सगळे फुई म्हणतो, खाटेवरून म्हणाल्या, “ठकी! ईले ठकी म्हना.” ठकी म्हणजे लाकडाची बाहुली, आणि ठकूबाई हे एके काळी चांगल्या घरांतले नाव होते. व्हिडिओ कॉलवर वहिनीचा चेहरा मात्र पाहण्यासारखा झाला होता.

दरम्यान भावाला जन्मनोंदणीची घाई झाली होती. जन्माची नोंद 21 दिवसांत करावी लागते, पण नाव नंतर 12 महिन्यांपर्यंत विनाशुल्क घालता येते, हे त्याला मी सांगितले तेव्हा तो थोडा शांत झाला. नावाचे इंग्रजी स्पेलिंग एकदा चुकले की आधारपासून शाळेच्या नोंदीपर्यंत ती चूक मागे लागते, आणि आता विद्यार्थ्यांच्या ‘अपार’ या ओळख क्रमांकासाठी दोन्ही नावे जुळावी लागत असल्याने पालकांच्या हेलपाट्यांना अंत उरलेला नाही. आमच्या वडिलांच्या पिढीचे बरे होते: गुरुजी शाळेत नाव घालताना सुचेल ते शुद्ध करून लिहीत आणि जन्मतारीख म्हणून 1 जून टाकून मोकळे होत. आमच्या गावातले अर्धे म्हातारे एकाच दिवशी साठ वर्षांचे झाले.

वेगळे नाव हवे या हट्टामागे आमच्याकडे आणखी एक कारण आहे, आणि ते पुण्यामुंबईच्या लोकांना सहसा सुचत नाही. खान्देशात वर्गातल्या पटावर निम्मी आडनावे पाटील, चौधरी, महाजन अशीच असतात. त्यात आरवही तीन निघाले तर बाईंना मुलाच्या बापाच्या नावाने हाक मारावी लागते. आता त्याला दुसरा उपाय झाला आहे. 1 मे 2024 आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत आधी मुलाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव असा क्रम महाराष्ट्र शासनाने बंधनकारक केला आहे. हा क्रम कागदावर लिहून पाहिला तेव्हा माझ्या डोक्यात पहिल्यांदा वहिनीचे माहेर आले. तिचे माहेर मुक्ताईनगरकडचे. तिथून जवळच चांगदेवला तापी आणि पूर्णा यांचा संगम आहे आणि ती लहानपणी दर महाशिवरात्रीला तिथल्या यात्रेला जात असे.

हस्त नक्षत्राचे पहिले अक्षर ‘पू’. पूर्णा. मी ग्रुपवर तेवढाच शब्द टाकला. चरण चुकते, पण नक्षत्र तेच आहे, असे गुरुजींनी सांगितले. पारस्कर गृह्यसूत्रात मुलीचे नाव विषम अक्षरांचे आणि आकारान्त असावे असे म्हटले आहे. पूर्णा आकारान्त आहे पण दोन अक्षरी, म्हणजे निम्मी पास. आमच्या आजीच्या पिढीत गोदावरी, यमुना, तापी अशी नद्यांची नावे घरोघर होती, तेव्हा वडिलांना ते नवे वाटले नाही. वहिनी दोन तास काहीच बोलली नाही आणि मग तिने संगमाचा एक जुना, पिवळा पडलेला फोटो पाठवला, त्यात फ्रॉक घातलेली ती घाटावर बसलेली होती.

बारसे गावी झाले. मी कानात पूर्णा म्हटले, धपाटे खाल्ले, घुगऱ्या वाटल्या. जेवणे झाल्यावर भाऊ नोंदणीचा अर्ज भरत बसला होता आणि इंग्रजीत एक ‘यू’ लिहावा की दोन ‘ओ’ यावर वहिनीशी त्याची चर्चा चालली होती. तेवढ्यात बाळ रडायला लागले. फुईंनी पाळण्याची दोरी ओढली आणि ठकी, ठकी म्हणून हाक दिली, तशी ती गप्प झाली.