रिकामी यादी म्हणजे ‘फाइल नाही’ असं नव्हे

फोनवरची कामं आपोआप करून देणाऱ्या मॅक्रोड्रॉइड आणि टास्कर या दोन अ‍ॅप्सवर माझी बरीच रोजची कामं चालतात. रात्री फोन चार्जिंगला लावला की दिवसभरात आलेल्या पीडीएफ तारखेच्या फोल्डरमध्ये जातात, जुनी रेकॉर्डिंग्ज मेमरी कार्डावर जातात. हाताने करायची म्हटली की ही कामं राहूनच जातात.

पूर्वी स्टोरेजची परवानगी एकदा दिली की अ‍ॅपला सगळं मोकळं रान असायचं. साध्या टॉर्चच्या अ‍ॅपनेही ती मागून घेतली, तर तुमची स्कॅन केलेली कागदपत्रं त्याला वाचता यायची. त्यामुळे २०१९ मध्ये अँड्रॉइड १० ने ‘स्कोप्ड स्टोरेज’ (म्हणजे प्रत्येक अ‍ॅपला स्टोरेजचा ठरावीक भागच दिसू देणं) आणलं आणि अँड्रॉइड ११ ने ते सक्तीचं करत नेलं, हे योग्यच झालं. कुंपण हवंच होतं.

माझी तक्रार वेगळी आहे. नव्या नियमांत, फक्त फोटो-व्हिडिओंची परवानगी असलेल्या अ‍ॅपला दुसऱ्या अ‍ॅपने ठेवलेली पीडीएफ दिसतच नाही. फाइल मॅनेजरमध्ये ती डोळ्यांसमोर असते, पण मॅक्रोने, म्हणजे आपण ठरवून दिलेल्या आपोआप चालणाऱ्या कामाने, त्याच फोल्डरची यादी मागितली की यादी रिकामी येते. ‘परवानगी नाही’ असा एरर येत नाही. मॅक्रोच्या दृष्टीने फाइलच नाही, म्हणून लॉगमध्ये काम व्यवस्थित पूर्ण झाल्याची नोंद पडते. आता बॅकअपचा एक नेहमीचा नियम घ्या: ‘मूळ फोल्डरमध्ये जे नाही, ते बॅकअपमधूनही काढ.’ यादी रिकामी आली की हा नियम अख्खा बॅकअप पुसून टाकेल, तोही काही चुकलंय याचा पत्ता न लागू देता.

अँड्रॉइड १४ पासून ‘निवडक फोटो’ हा पर्याय आहे. तो दिलात तर आज काढलेला फोटो रात्रीच्या मॅक्रोला दिसणार नाही, कारण तो निवडायला रात्री कोण बसणार?

सेटिंग्जमध्ये ‘सर्व फाइल्सचा अ‍ॅक्सेस’ दिला की बहुतेक गाडी रुळावर येते, पण ‘अँड्रॉइड/डेटा’ हे इतर अ‍ॅप्सच्या फाइल्सचं फोल्डर तरीही बंदच राहतं. मला त्यापेक्षा फोल्डर निवडून देण्याची पद्धत आवडते. अ‍ॅपने नीट जपली तर ती परवानगी फोन रीस्टार्ट झाल्यावरही टिकते आणि बाकीचं स्टोरेज झाकलेलं राहतं. अडचण अशी, की अँड्रॉइड ११ पासून अख्खं डाउनलोड फोल्डर असं निवडता येत नाही, आणि नेमक्या पीडीएफ तिथेच येऊन पडतात. शिवाय अ‍ॅप काढून पुन्हा टाकलं की सगळी फोल्डर्स नव्याने निवडायची.

म्हणून फाइल्स हलवणाऱ्या किंवा पुसणाऱ्या प्रत्येक मॅक्रोत पहिली अट हीच ठेवा: यादी रिकामी आली तर थांब आणि नोटिफिकेशन दे. त्या फोल्डरमध्ये एक छोटी फाइल कायमची ठेवा, पीडीएफच, फोटो नको. ती दिसली तरच मॅक्रो पुढे जाऊ द्या. खरं तर हे काम सिस्टिमचं आहे. तिने नकार जरूर द्यावा, पण तो नकार आहे हे अ‍ॅपला कळू द्यावं.