जिप्सी घेऊन चिक्केवाडीला: आधी हब बघा, मग निघा

भटवाडी सोडली की चिक्केवाडीच्या वाटेवर एक चढण लागते. लांबी फार तर दीडशे मीटर. तिथं आम्ही सव्वातीन तास होतो. रांगणा किल्ल्याला जिप्सी, थार असलं काही घेऊन जाणार असाल तर बाकीचा रस्ता कुणीही सांगेल. मी लिहिणार आहे ते या दीडशे मीटरबद्दल आणि माझ्या गाडीच्या पुढच्या दोन चाकांबद्दल.

गाडी २००७ ची जिप्सी किंग, तेराशे सीसी, एमपीएफआय, सॉफ्ट टॉप. मागच्या वर्षी तीन लाख चाळीस हजारांना घेतली. विकणारा म्हणाला, "दादा, फुल तयार गाडी हाय. लिफ्ट केलीया, टायर मोठं घातल्यात. पेट्रोल टाका आणि थेट जंगलात घाला." वर लाइटची पट्टी, मागं जेरी कॅन, पुढं जाडजूड पाइपाचं गार्ड. मी वरचंच बघून भाळलो, खाली वाकलोच नाही. पंधरा वर्षांनंतरचं पासिंग झालेलं होतं, आरसी पाच वर्षांसाठी वाढवलेली होती, एवढ्यावर खूश होऊन पैसे मोजले.

दिवाळीच्या आधी गाडी कोल्हापुरातल्याच एका गॅरेजला दिली. पाच दिवस ठेवून घेतली. बिल अठरा हजार पाचशे, आणि त्यात एक ओळ, 'फोर बाय फोर कम्प्लीट ओव्हरहॉल, हब सर्व्हिसिंगसह'. हब म्हणजे पुढच्या चाकाच्या मधोमध असलेला जोड; तो लॉक केला की चाक अ‍ॅक्सल शाफ्टला जोडलं जातं. ही ओळ लक्षात ठेवा.

नोव्हेंबरातल्या शनिवारी पहाटे पाचला निघालो. मी, मामेभाऊ आणि एक मित्र. कळंबा, इस्पुर्ली, बिद्री, मुधाळ तिट्टा, गारगोटी, कडगाव, पाटगाव. डांबरी रस्ता आहे, गाडी जाते, त्यावर जास्त लिहायची गरज नाही. पेट्रोल मात्र गारगोटीतच टाकी भरून घ्या. जिप्सीची टाकी चाळीस लिटरची, आणि लो गिअरमध्ये ती किती पिते हे काट्याकडं बघितल्यावरच कळतं.

डांबरावरच एक गोष्ट खटकत होती. साठच्या पुढं गेलं की गाडी रस्त्यावर नाचायची, स्टीअरिंग सारखं धरून ठेवावं लागायचं. मला वाटलं जुनी गाडी आहे, असंच असणार. ती 'लिफ्ट' म्हणजे पाट्यांना लावलेल्या लांब शॅकल (पाट्याचं एक टोक चेसिसला जोडणाऱ्या पट्ट्या) होत्या, हे नंतर कळलं. हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात वाईट उपाय. दोन इंच लांब शॅकल टाकली तर गाडी उचलते जेमतेम एक इंच, कारण पाट्याचं दुसरं टोक जागच्या जागी असतं. शिवाय पुढचा अ‍ॅक्सल फिरतो, कॅस्टर (गाडी सरळ ठेवणारा पुढच्या चाकांचा तिरपेपणा) कमी होतो आणि गाडी सरळ चालायचं विसरते. त्यात टायर २३५/७५ आर १५. कंपनीचं माप २०५/७० आर १५. हिशोब केला तर टायरचा व्यास जवळपास दहा टक्के वाढतो. म्हणजे काटा पंचावन्न दाखवतो तेव्हा तुम्ही साठच्या वर असता, आणि चढणीला प्रत्येक गिअर तेवढाच लांब पडतो. ऐंशी हॉर्सपॉवरच्या इंजिनाला हे परवडत नाही.

आता ती चढण. पाटगावच्या पुढं भटवाडीपर्यंत ठीक. तिथून पुढं जंगलातली मातीची वाट. पाऊस लांबलेला, लाल माती अजून ओली, ट्रॅक्टरनं पाडलेल्या चाकोऱ्या गुडघाभर. मातीखाली जांभ्याच्या चिपा, त्यावर शेवाळ. चढणीच्या मध्यावर वाट डावीकडं कलते आणि नेमकी तिथंच उजवी चाकोरी जास्त खोल आहे.

खाली थांबलो. उतरून पुढच्या दोन्ही चाकांचे हब हातानं फिरवून लॉकवर केले. लिव्हर फोर एलला, म्हणजे चारी चाकांच्या लो गिअरला टाकली. पहिल्या गिअरात हळूहळू निघालो. साठ-सत्तर मीटर बरं गेलं. मग मागची चाकं जागेवर फिरायला लागली, चिखल उडायला लागला आणि दोन मिनिटांत मागच्या अ‍ॅक्सलची हौसिंग चाकोरीच्या मधल्या उंचवट्यावर बसली.

मग सुरू झालं आमचं शहाणपण. आधी टायरला दोष दिला. हवा १८ पीएसआयपर्यंत उतरवली. फरक शून्य. मग चाकांखाली दगड, फांद्या, शेवटी गाडीतलं पायपुसणं. मग ड्रायव्हरला दोष, म्हणजे मला. मित्र बसला स्टीअरिंगवर, त्यानं गाडी आणखी अर्धी वीत खाली नेली. जळवा पायावर चढत होत्या. दीड तास झाल्यावर मामेभाऊ बाजूला वाकून पुढं बघत होता, तो ओरडला, "आरं दाद्या, पुढची चाकं मेल्यात की! एक बी फिरंना."

खरंच. इंजिन ओरडतंय, मागची दोन्ही चाकं माती फेकतायत आणि पुढची दोन्ही गप्प उभी. सव्वातीन लाखांच्या वरची फोर बाय फोर आणि प्रत्यक्षात टू व्हील ड्राइव्ह.

यामागचं कारण नीट समजून घ्या, यातच सगळं आहे. जिप्सीचा पुढचा डिफरन्शियल (इंजिनाची ताकद डाव्या-उजव्या चाकांत वाटणारे गिअर) उघडा, म्हणजे ओपन असतो. ज्या बाजूला अडथळा कमी, त्या बाजूला तो फिरतो. एका बाजूचा हब आतून लागलाच नाही तर त्या बाजूचा अ‍ॅक्सल शाफ्ट हवेत फिरल्यासारखा मोकळा फिरतो आणि दुसऱ्या, चांगल्या बाजूलाही काहीच पोचत नाही. एक हब मेला की पुढचा अख्खा अ‍ॅक्सल मेला. बाहेरून काही दिसत नाही. डायल लॉकवर, लिव्हर फोर एलवर, आवाजसुद्धा बरोबर.

ट्रॅक्टर आणायला मित्र चालत भटवाडीला गेला. ट्रॅक्टरवाल्या मामांनी पाच हजार सांगितले, साडेतीनवर तुटलं. त्या वेळी आम्ही लुटलो गेलो असं म्हणत होतो. आता विचाराल तर ते पैसे रास्त होते. शनिवारी आपलं काम टाकून, डिझेल जाळून आलेला माणूस. लूट झाली ती आधी, अठरा हजार पाचशेची.

ओढताना आणखी एक तमाशा. पुढच्या गार्डला लावलेला लाल हुक दिसायला मजबूत. पहिल्याच झटक्याला तो वेल्डिंगसकट उपटून आला आणि साखळीबरोबर ट्रॅक्टरच्या मडगार्डवर आदळला. फूटभर बाजूनं गेला असता तर मामांच्या पाठीत बसला असता. त्यानंतर साखळी चेसिसला गुंडाळून, सगळ्यांना लांब उभं करून, हळू ताण देत काढली. त्यामुळं ठामपणे सांगतो: ओढायचा हुक चेसिसला बोल्टनं कसलेला पाहिजे, गार्डला किंवा पत्र्याला लावलेला नको. साखळी नको, ओढायचा पट्टा आणि चांगली डी-शॅकल (पट्टा अडकवायची लोखंडी कडी) घ्या. आणि ते गार्ड तसंही काढा, केंद्र सरकारनं २०१७ पासून बंदी घातली आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली मूळ गाडीत केलेले मोठे बदल पुढच्या पासिंगला अडचणीत आणतात, ते वेगळंच.

रांगणा त्या दिवशी राहिला. परत येताना मी फोर एचमध्येच (चारी चाकं, नेहमीचे गिअर) डांबरावर आलो, दमलेलो होतो, विसरलो. मधला डिफरन्शियल नसलेल्या गाडीत डांबरावर फोर एच म्हणजे पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलचा पीळ साठत जातो. माझा उजवा हब मेलेला म्हणूनच काही मोडलं नाही. तुमचे दोन्ही चांगले असतील तर लिव्हर अडकेल. तेव्हा ती जबरदस्तीनं ओढू नका, चार फूट मागं घ्या, सुटते.

सोमवारी शिवाजी उद्यमनगरातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडं गाडी नेली. त्यांनी हब उघडायच्या आधी बोल्टकडं बोट दाखवलं. बोल्टांवरचा जुना रंग मोडलेलासुद्धा नव्हता. म्हणजे 'हब सर्व्हिसिंग' करणाऱ्यानं पाना लावलाच नव्हता. आत उजव्या हबमध्ये कोरडा गंज आणि सरकणाऱ्या रिंगचे दात झिजून गोल झालेले. डायल फिरायची, रिंग जागची हलायची नाही.

जुनी जिप्सी घेताना किंवा असल्या वाटेला निघताना ही तपासणी स्वतः करा, मिस्त्रीवर सोडू नका. सपाट जागी मागच्या चाकांना दगड लावा. पुढची दोन्ही चाकं जॅकवर उचला, अ‍ॅक्सलखाली स्टँड द्या. इंजिन बंद, दोन्ही हब लॉक, लिव्हर फोर एच. आता डावं चाक हातानं पुढं फिरवा. उजवं चाक उलट दिशेला फिरलं पाहिजे. फिरलं नाही तर दोघांपैकी एक हब गेलाय. मग हब मोकळे करा, दोन्ही चाकं सुटी फिरली पाहिजेत. दहा मिनिटांचं काम आहे. माझी सव्वातीन तासांची फजिती यात वाचली असती.

त्याच वेळी चाक वरून-खालून धरून हलवा. खेळ असेल तर किंगपिनचे (पुढचं चाक ज्यावर वळतं त्या खिळीचे) बेअरिंग बघा. ते गेले की खड्ड्यातून बाहेर आल्यावर स्टीअरिंग दोन्ही हातांत थडथडतं. पुढच्या चाकामागं असलेल्या नकलच्या गोळ्यावर काळं पातळ ग्रीस ओघळलेलं दिसलं तर अ‍ॅक्सलचं सील गेलंय, आतलं गिअर ऑइल ग्रीसमध्ये मिसळतंय. पाट्यांचे सेंट्रल बोल्ट आणि यू-बोल्ट प्रत्येक खडतर फेरीनंतर आवळा. चेसिसला मागच्या शॅकलजवळ हातोडीनं ठोकून बघा. खणखणीत आवाज पाहिजे, भदभद नको. कोल्हापुरातल्या गाड्या किनाऱ्याच्या नसल्या तरी बऱ्याच कोकणात खाली जाऊन आलेल्या असतात.

ऑइलबद्दल एकच भांडण आहे माझं. गॅरेजवाले सगळीकडं एकच डबा ओततात. डिफरन्शियलला जीएल-५ दर्जाचं ऑइल लागतं, गिअरबॉक्सला जीएल-४. जीएल-५ मधली काही रसायनं गिअरबॉक्समधल्या पितळी सिंक्रो रिंगला मानवत नाहीत. ओढ्यातून गेलात तर दुसऱ्या दिवशी हौसिंगचा प्लग थोडा सैल करून बघा. दुधाळ चहासारखं काही आलं तर पाणी शिरलंय. तापलेली हौसिंग गार पाण्यात एकदम गेली की ब्रीदरमधून, म्हणजे हवा जायच्या छोट्या भोकातून पाणी आत ओढते. ब्रीदरला नळी जोडून ती बॉनेटखाली उंच नेऊन बांधा. शंभर-दीडशे रुपयांचं काम, आणि लाइटच्या पट्टीपेक्षा हजारपट उपयोगाचं.

मी काय काय बदललं? लांब शॅकल काढून फेकल्या, पाटे उतरवून कमान पुन्हा मारून घेतली आणि एक पान वाढवलं. टायर २१५/७५ आर १५, म्हणजे बोलेरोचं माप, कुठल्याही तालुक्याच्या गावाला मिळतं. उजव्या बाजूला जुन्यातला पण चांगला हब, डावा उघडून ग्रीस. आता महिन्यातून एकदा दोन्ही हब लॉक करून मातीवर थोडी गाडी फिरवतो, म्हणजे आत गंज धरत नाही. गाडी साठला सरळ जाते. सगळं मिळून खर्च त्या खोट्या ओव्हरहॉलपेक्षा थोडा कमीच झाला.

जानेवारीत परत गेलो. तीच चढण, फोर एल, दुसरा गिअर, हवा २० पीएसआय, क्लचवर पाय नाही, चाकं चाकोरीत न घालता उंचवट्यावर आणि डाव्या कडेवर. चार मिनिटांत वर. माती वाळलेली होती हे कबूल करतो, पण त्या दिवशी मला वाटत होतं की ही गाडी थेट गडावर चढेल. चिक्केवाडीला गाडी लावून चालत गेलो. गड सुंदर आहे.

जून ते नोव्हेंबर अखेर या वाटेला चारचाकी घालू नका, गाडी कितीही भारी असली तरी. चाकोऱ्या आपणच खोल करतो आणि मग गावातल्या बैलगाडीला नि ट्रॅक्टरला त्रास. जंगल वनखात्याचं आहे, वाट खुली आहे का ते पाटगाव-भटवाडीत विचारूनच पुढं व्हा. एकट्या गाडीनं जाणार असाल तर हवा भरायचा पंप, जॅकखाली ठेवायला जाड फळी आणि ट्रॅक्टरवाल्यासाठी खिशात रोख चार हजार ठेवा. तिथं मोबाइलला रेंज नाही, ऑनलाइन पैसे जात नाहीत. आम्ही ते साडेतीन हजार तिघांची पाकिटं उलटी करून जमवले होते, शेवटचे सत्तर रुपये मामांनी सोडून दिले.