तुम्ही विचारलंत म्हणून: दोन तराजू

व्याख्यान संपलं की कुणी ना कुणी विचारतंच, "इजिप्तचा काय नि ग्रीकांचा काय, तराजू दोघांकडेही आहे. म्हणजे शेवटी आपल्या चित्रगुप्ताचाच हिशेब ना?" उभ्याउभ्या दिलेल्या उत्तराने माझंच समाधान होत नाही, म्हणून लिहितो.

इजिप्तपुरतं तुमचं म्हणणं बरंचसं बरोबर आहे. इ. स. पूर्व १२५०च्या सुमाराचा, अनी नावाच्या लेखनिकाचा पपायरस, म्हणजे लव्हाळ्याच्या कागदाची गुंडाळी, लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यात मेल्यावरच्या न्यायाचं चित्र आहे : एका पारड्यात अनीचं हृदय आणि दुसऱ्यात सत्याची देवी मात हिचं पीस. मृतांचा देव अनुबिस काटा बघतोय, लेखनाचा देव थोत निकाल लिहायला उभा आहे आणि त्याच्या मागे मगरीच्या तोंडाची राक्षसी अम्मित. हृदय खोटं ठरलं की ती ते गिळणार. मग पुन्हा जगणं नाही. ममी करताना फुप्फुसं, यकृत, आतडी बाहेर काढत, हृदय मात्र जागच्या जागी ठेवत. आणि धास्ती होती ती त्याचीच! मेलेला माणूस आपल्याच हृदयाची विनवणी करतो : माझ्या आईकडून मिळालेल्या हृदया, माझ्याविरुद्ध साक्षीला उभं राहू नकोस. आई गेली त्या वर्षी मी हे पहिल्यांदा वाचलं. पुढे वाचवेना.

ग्रीकांचं निराळं. ट्रॉयच्या युद्धावरच्या इलियड या महाकाव्यात देवांचा राजा झ्यूस सोन्याचा तराजू धरून ग्रीक वीर अकिलीस आणि ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर यांची मरणं तोलतो. हेक्टरचं पारडं खाली जातं. आईबापांचा लाडका, तान्ह्या पोराचा बाप, नगराचा आधार. यातलं काहीच पारड्यात पडत नाही. घटका भरली, एवढंच.

तोलणाराही सुटलेला नाही. त्याच युद्धात झ्यूसचा मुलगा सार्पेडॉन मरणार असतो. त्याला उचलून न्यावं असं बापाच्या मनात येतं. झ्यूसची बायको हेरा म्हणते, मग बाकीचे देवही आपापली मुलं वाचवू बघतील. झ्यूस ऐकतो आणि जमिनीवर रक्ताचा पाऊस पाडतो.

इ. स. पूर्व ५१५च्या सुमारास युफ्रोनिओस या ग्रीक चित्रकाराने सार्पेडॉनचा देह एका मोठ्या मद्यपात्रावर रंगवला. जखमांतून रक्त वाहतंय, आणि निद्रा व मृत्यू, दोघे पंखवाले, वाकून त्याला उचलतायत. देवांच्या राजाला मुलासाठी इतकंच करता आलं. अपोलो या देवाकडून त्याने देह नदीत धुववून घेतला, अंगाला अमृत लावायला लावलं, अमर वस्त्रं नेसवायला सांगितली, आणि या दोघांच्या हाती त्याला लिशियाला, घरी पाठवलं.