तुम्ही विचारलंत म्हणून: सत्तावन्नाव्या नंबरचं मोल

‘एनबीएच्या ड्राफ्टमध्ये शेवटी शेवटी घेतलेल्या खेळाडूंचा विजेतेपदाला खरंच उपयोग होतो का?’ एनबीए म्हणजे अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग, आणि ड्राफ्ट म्हणजे तिच्या संघांनी दरवर्षी दोन फेऱ्यांत, पाळीपाळीनं नवे खेळाडू निवडणं. सतनाम सिंगचं नाव निघालं की हा प्रश्न हमखास येतो. २०१५ मध्ये डॅलस मॅव्हरिक्सनं त्याला ५२व्या क्रमांकावर घेतलं. ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला तो पहिला भारतीय, पण एनबीएचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. दुसऱ्या फेरीतल्या पुष्कळांचं असंच होतं. तरी माझं उत्तर ‘होतो’ हेच आहे, आणि ते मी सॅन अँटोनिओ स्पर्स या संघाकडे बघून देतो.

टिम डंकन त्यांना १९९७ मध्ये पहिल्या क्रमांकावर मिळाला. त्याची गुणवत्ता कुणालाही दिसत होती. १९९९ मध्ये मात्र ५८ जणांच्या ड्राफ्टमध्ये ५७वं नाव त्यांनी घेतलं मनू जिनोबिलीचं. अर्जेंटिनाचा हा पोरगा तेव्हा इटलीत खेळत होता आणि स्पर्सनी त्याला तिथेच खेळू दिलं. असा खेळाडू परदेशात राहिला तरी त्याच्यावरचा हक्क स्पर्सकडेच राहतो, पगार मात्र तिकडचा क्लब देतो. २००१ मध्ये बोलोन्याकडून युरोलीग जिंकून, पुरता तयार होऊन तो २००२ मध्ये आला. स्पर्ससोबत चार विजेतेपदं जिंकला, आणि त्यातला बराच काळ बेंचवरून उठून खेळला! टोनी पार्करही २००१ च्या पहिल्या फेरीतला अगदी शेवटचा, २८वा.

पैशाचं गणितही आहेच. सॅलरी कॅपमुळे, म्हणजे संघाच्या एकूण पगारावरच्या मर्यादेमुळे, दोन-तीन ताऱ्यांच्या पगारातच बहुतेक रक्कम संपते. मग कमी पगारातले चांगले खेळाडू लागतात. ड्रेमंड ग्रीन २०१२ चा ३५वा पिक, म्हणजे ३५व्या क्रमांकावर निवडलेला. गोल्डन स्टेटनं २०१५ चं विजेतेपद मिळवलं तेव्हा तो अजून आपल्या पहिल्या, छोट्या करारावरच होता.

मला सर्वांत आवडतो तो जॉर्ज हिलचा व्यवहार. २००८ चा २६वा पिक. स्पर्सनी त्याला तीन वर्षं घडवलं आणि २०११ मध्ये इंडियानाला देऊन त्यांच्या १५व्या पिकवर निवडलेला कवाय लेनर्ड मिळवला. २०१४ च्या अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू तोच.

प्रत्येक वेळी जमतं असं नाही. लुइस स्कोला २००२ चा ५६वा, पण स्पर्सकडून तो कधी खेळलाच नाही. २००७ मध्ये त्याचे हक्क ह्यूस्टनला गेले. तिथे त्याला चांगलं खेळताना पाहून मला आजही हळहळ वाटते.

आणि नुसतं निवडून भागत नाही, मैदानावर जागाही द्यावी लागते. २०१४ च्या ड्राफ्टमधून डेन्व्हरकडे दोन सेंटर (बास्केटजवळ खेळणारे उंच खेळाडू) आले: १६वा युसुफ नर्किच आणि ४१वा निकोला योकिच. दोघांना एकत्र खेळवून पाहिलं, ते जमेना. वरच्या क्रमांकाचा मान ठेवणं सोपं होतं. डेन्व्हरनं २०१७ च्या फेब्रुवारीत नर्किचला पोर्टलंडला दिलं आणि सगळा संघ योकिचभोवती उभा केला. २०२३ मध्ये ते पहिल्यांदा विजेते झाले.