कृष्णाकाठचे ५० किलोमीटर: आयर्विन पूल ते आमराई

सांगलीत अल्ट्रा, म्हणजे मॅरेथॉनहून लांब, पळायचं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, "इथं कुठं? डोंगर तरी आहे का?" डोंगर नाही, हे खरंच. साताऱ्याला यवतेश्वरचा घाट आहे, त्यावर हिल मॅरेथॉन होते आणि त्या चढावर भलेभले चालायला लागतात. आमच्याकडं चढ म्हणजे पुलाचा, नाहीतर घाटाच्या पायऱ्यांचा. पण फेब्रुवारीच्या सुरुवातीला आम्ही चौघींनी कृष्णेच्या काठानं, सांगली आणि मिरज या दोन्ही शहरांतून ५० किलोमीटर पुरे केले आणि माझं मत पक्कं झालं: सपाट वाट सोपी नसते. चढ आला की पाय आपोआप चालीवर येतात, वेगळे स्नायू कामाला लागतात. सपाटीवर तेच स्नायू तीच हालचाल तासन्‌तास करत राहतात आणि थांब म्हणायला वाटेत काहीच येत नाही. ते आपणच ठरवायचं, आणि दमल्यावर नाही, पहिल्या तासापासून.

मॅरेथॉनच्या ४२.१९५ किलोमीटरच्या पुढं गेलं की अल्ट्रा. ही कुणी भरवलेली स्पर्धा नव्हती. वाट आम्हीच आखली, पाणी आमचंच, आणि सोबतीला मोटारसायकलवर माझा भाचा.

पहाटे साडेचारला गणपती मंदिरासमोरून निघालो. पहिला टप्पा आयर्विन पुलावरून सांगलीवाडीत आणि पुढं कसबे डिग्रजच्या दिशेला जाऊन परत. पूल १९२९ चा. सांगलीकर पावसाळ्यात घड्याळापेक्षा या पुलाजवळची पाणीपातळी जास्त बघतात: ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. पळणाऱ्यानं हे आकडे लक्षात ठेवावेत, कारण पूर ओसरला तरी काठावरचा गाळ बरेच दिवस राहतो. वरून वाळलेला दिसतो, खाली निसरडा असतो. मळीच्या, म्हणजे नदीकाठच्या गाळाच्या काळ्या जमिनीत तर थोडी ओल असली तरी बुटाला किलोभर माती चिकटते. म्हणून दिवाळीनंतर ते फेब्रुवारीअखेर हाच काळ धरा. मार्चपासून ऊन सोसवत नाही.

या काळात एकच मोठी अडचण, ऊस. कारखाने जोरात असतात आणि पहाटेच्या अंधारात दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर येतात. बऱ्याच ट्रॉल्यांना मागं दिवा नसतो. उसाच्या कांड्या बाहेर आलेल्या असतात, त्यामुळं ट्रॅक्टर पुढं गेला म्हणून लगेच रस्त्यावर यायचं नाही, दुसरी ट्रॉली जाईपर्यंत कडेलाच थांबायचं. समोरून येणारं वाहन दिसेल अशा बाजूनं, म्हणजे उजवीकडून पळा. डोक्याला टॉर्च आणि अंगावर चमकणारा पट्टा हवाच. एका वळणावर ऊसतोड कामगारांच्या खोपी होत्या. चुलीपाशी बसलेली एक बाई भाकरी थापता थापता उठली आणि म्हणाली, "बायांनो, कुत्री सोडलेली हायती, चालत जावा." ती आमच्याबरोबर खोपी संपेपर्यंत आली. हातातलं पीठ तसंच होतं. कुत्र्यांच्या बाबतीत तिनं सांगितलेलं तेच खरं आहे: पळायचं नाही, चालायचं.

उजाडायच्या सुमारास परत सांगलीत आलो आणि हरिपूरचा रस्ता धरला. माझ्या मते सांगलीत पळायला यासारखी दुसरी जागा नाही. जुनी झाडं, उजव्या हाताला नदी, आणि टोकाला संगमेश्वराचं देऊळ, जिथं वारणा कृष्णेला मिळते. अंतर साधारण चार किलोमीटर. नवख्यांनी आधी काही महिने फक्त ही जा-ये करावी. देवळाजवळ थांबलात तर पाण्यात मात्र उतरू नका. कृष्णेच्या या पट्ट्यात मगरी आहेत आणि थंडीत सकाळच्या उन्हाला त्या काठावर येऊन पडतात. तोंडावर पाणी मारायचं असेल तर बाटलीतलं वापरा, आणि झाडोऱ्यातून पाण्याकडं उतरणाऱ्या पाऊलवाटा सोडून द्या.

हरिपूरची दुसरी खूण म्हणजे हळदीची पेवं. जमिनीत खोल खोदलेले हे खड्डे, वर तोंड अरुंद, आत हळद वर्षानुवर्षं टिकायची. पेव उघडल्यावर लगेच कुणी आत उतरत नाही, आतली कोंडलेली हवा जाऊ देतात. २००५ च्या पुरानं यातली पुष्कळ पेवं निकामी केली. मला या जागेबद्दल फार वाटतं. एवढं शहाणपणाचं कोठार जगात कुठं असेल असं वाटत नाही. पण पळताना जवळची वाट म्हणून मोकळ्या रानात घुसू नका, पडीक पेवाचं तोंड गवतात दिसत नाही.

आता चालण्याबद्दल, कारण सगळी मदार त्यावर होती. आम्ही २५ मिनिटं पळायचो आणि ५ मिनिटं चालायचो, अगदी सुरुवातीपासून. पळतानाही गप्पा मारता येतील इतकाच वेग. आमच्यातली एक साताऱ्याची, घाटात वाढलेली. तिला पहिल्या वीस किलोमीटरमध्ये चालणं जिवावर आलं होतं, पाय भरले नव्हते ना. अंकलीच्या पुढं तिच्या मांडीच्या मागच्या शिरा आखडल्या. ती म्हणाली, "घाटात मला चढच थांबवतो गं, इथं कुणी थांबवतच नाही." त्यानंतर आम्ही १० मिनिटं पळणं आणि ५ मिनिटं चालणं असं केलं आणि ती शेवटपर्यंत आली. सपाटीवर पळणाऱ्यानं घड्याळात चालण्याचा गजर लावावा आणि तो वाजला की अंगात कितीही जोर असला तरी चालावं.

हरिपूर ते अंकली आणि तिथून मिरजेच्या कृष्णा घाटाकडं जाताना जमेल तिथं पाणंदी धरा. महामार्गावर ट्रक अंगावरून गेल्यासारखे जातात. पाणंदीतून जाताना काही रानांत हळद शिजवायला सुरुवात झाली होती. वाफेबरोबर कच्च्या हळदीचा उग्र, मातकट वास येतो, तो तासभर नाकातून जात नाही. पाणंदी आदल्या आठवड्यात दुचाकीवरून बघून या. कुठं पाइपलाइनसाठी खणलेलं असतं, कुठं उसाला पाणी सोडलेलं असतं. या टप्प्यात सावली कमी, दुकान नाही आणि बायकांसाठी शौचालयाची सोय नाही. ती सोय सांगलीचं बसस्थानक सोडलं की थेट मिरजेतच, असं धरून चाला.

खाण्याचं म्हणाल तर दुकानातल्या एनर्जी जेलची गरज मला वाटली नाही. ताशी ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात गेली पाहिजेत. ४० ग्रॅम बेदाण्यांतून जवळजवळ ३० ग्रॅम मिळतात आणि तासगावचे बेदाणे आपल्याकडं घरोघरी असतात. मध्यम केळ्यातून पंचवीसेक ग्रॅम. बेदाणे काहींच्या पोटाला सोसत नाहीत, तेव्हा सरावात खाऊन बघा. खरा धोका नुसतं पाणी पीत राहण्याचा. घामातून मीठ जातं, वरून पाणी भरमसाट प्यायलं की रक्तातलं सोडियम उतरतं. बोटं सुजून अंगठी घट्ट झाली, मळमळ आणि डोकेदुखी सुरू झाली तर पाणी आणखी ढोसू नका. थांबा, आणि बरं वाटेना तर डॉक्टर गाठा. तहान लागेल तेवढंच प्यायचं, सोबत मीठ-साखरेचं लिंबूपाणी. भाचा दर थांब्याला तेच विचारायचा, "मावशी, मीठ गेलं का पोटात?" वेदनाशामक गोळ्या मात्र पळताना नकोच. ब्रुफेनसारखी गोळी आणि शरीरातलं पाणी कमी, हे दोन्ही एकत्र आले की मूत्रपिंडावर ताण येतो.

मिरजेत गणेश तलावापाशी चालत फेरी मारली. तिथून विश्रामबागपर्यंतचा रस्ता रहदारीचा, कंटाळवाणा. तो नुसता पार पाडायचा. काळी खण हे सांगलीतलं तळं मागं टाकलं आणि आमराई या बागेत शिरलो. राहिलेलं अंतर आमराईत भरून काढायचं हे आधीच ठरलं होतं, आणि या वाटेतला हाच निर्णय मला सगळ्यात आवडतो. उन्हं वर आलेली असताना जुन्या झाडांची सावली, पायाखाली मऊ जमीन, बसायला बाक, आणि एखादीचा पाय आखडला तर बाकीच्या दोन मिनिटांत तिच्यापाशी. फिरायला आलेल्या आजोबांच्या घोळक्यानं आमच्या फेऱ्या मोजायला घेतल्या, चुकीच्या मोजल्या, आणि तरी प्रत्येक फेरीला टाळ्या वाजवल्या. बागेच्या वेळा आदल्या दिवशी विचारून घ्या.

संपल्यावर लगेच बसू नका, दहा मिनिटं हिंडत राहा, मग काहीतरी खारट खा. आम्ही भडंग आणि ताक घेतलं. जांघा आणि काखांना निघताना व्हॅसलीन लावलेलं असेल तर अंघोळीला कळ येत नाही. सुती मोजे घालू नका, फोड येतात. दोन दिवस जिना उतरताना मांड्या बोलतात, तेवढं चालतं. पण लघवी गडद तपकिरी झाली तर वाट न बघता दवाखान्यात जा.

बाहेरून येणाऱ्यांना मिरज जंक्शन सोयीचं, लांबच्या बऱ्याच गाड्या तिथं थांबतात. मुक्काम मात्र सांगलीत गणपती मंदिराच्या आसपास करा. पहाटे चारला रिक्षा मिळेलच असं नाही, ती रात्रीच ठरवून ठेवा.