मसाई पठार: फुलं आणि काका भारी, वाट आणि जीप बेकार

फुलं बघायच्या या ट्रिपच्या ग्रुपवर लिहिलेलं, "अर्धा तास निवांत चालायचं, घरच्यांना पण आणा." साफ खोटं. पन्हाळगडाच्या राजदिंडी वाटेनं उतरून म्हाळुंगेकडनं पठारावर चढतो ना आपण, तो टप्पा पावसात म्हणजे नुसता लाल राडा. एक पाय उपसला की दुसरा रुततोय, आणि वरच्या चढाला धरायला कायच नाही, गवत धरलं तर तेच मुळासकट हातात येतंय. चांगले ट्रेकिंग शूज असून पण मी दोनदा बसलो. सँडलवाल्यांनी नादच करू नये. काठी घ्या, आणि छत्री घरी ठेवा, वर वारं असलं असतंय की तिच्या काड्या मोजत बसाल. रेनकोटच.

आता काका, म्हणजे आम्हाला फुलं दाखवणारे. बॉटनी कुठल्या कॉलेजात शिकलेले नाहीत, जन्म वायरिंगच्या कामात गेला, फुलं सगळी फिरून आणि वाचून शिकलेत. पहिलाच नियम, नाव विचारायचं नाही. आधी पाकळ्या मोजा, पान बघा, झाड कातळावर आहे की गवतात ते बघा, मग नाव. आम्ही पिवळं दिसलं की सोनकी म्हणून मोकळे होत होतो. त्यांनी सोनकी न तोडता नुसती वाकवून भिंगाखाली धरली आणि म्हणाले, "हे एक फूल नाही, घोळका आहे." मधल्या पिवळ्या गोळ्यात बारकी बारकी फुलं गच्च बसलेली, आणि कडेची एकेक 'पाकळी' म्हणजे पण वेगळं फूल! शेजारचं पिवळं निघालं कवला, त्यालाच मिकी माऊस म्हणतात, वरच्या पाकळीवर दोन लाल ठिपके, पान लाजाळूसारखं, शेंगवाल्या कुळातलं.

सीतेची आसवं ही कीटकभक्षी वनस्पती बघायला मात्र गुडघ्यावर बसावं लागतं. निळसर जांभळं फूल आणि खाली ओल्या मातीत राईहून बारीक फुगे, त्यात पाण्यातले जीव ओढून घेते ती, कारण कातळावरच्या मातीत नत्र फारसं नसतंच. इतकं बारीक झाड पायाखाली चिरडू नये म्हणून ओल्या कातळावर बूट ठेवायचा नाही. काका यावर ओरडतात, आणि ओरडावंच.

फोटो काढताना फूल समोरून, बाजूनं आणि पान-खोडासकट असे तिन्ही काढा, नुसत्या समोरच्या फोटोवरनं घरी येऊन कायपण ओळखता येत नाही. कासचा गालिचा डोक्यात असेल तर येऊ नका, इथं बारीक बघणाऱ्याचंच काम आहे. सप्टेंबर बेस्ट.

दुसऱ्या दिवशी पन्हाळ्यावरचं तबक उद्यान वगैरे झालं, ठीक.

जीपचं ऐका. दमलेला माणूस बघून वरनं पन्हाळा स्टँडपर्यंत माणशी तीनशे सांगितले, आणि चिखलानं अंग भरलेलं, दिले गप. खाली चहावाला म्हणाला एवढ्यात अख्खी गाडी येते. सकाळीच पन्हाळ्यात जीप जायची-यायची दोन्ही धरून ठरवा, थांबायचा वेळ धरून, आणि दर माणशी नाही, गाडीचा विचारा. धुकं उतरलं तर ड्रायव्हरला मसाईच्या देवळापाशीच उभं राहायला सांगा, पठारावर दुसरी खूणच सापडत नाही.